वडिलोपार्जित कपाळ

अंबिका सिस्टरांच्या हातून आजवर एकही माणूस विनाकारण टोचला गेला नव्हता! हे त्या स्वतःच सांगत, आणि समोरच्याने आधी दोनदा ऐकलेलं असलं तरी तितक्याच उत्साहाने तिसऱ्यांदा सांगत. परळच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. हातात सुई घेतली की सिस्टर आधी पेशंटला त्याचं नाव विचारत, मग आजार विचारत, मग हे इंजेक्शन कशाचं आहे ते त्याला ठाऊक आहे का हे विचारत. तोवर शेजारच्या खाटेवरचा पेशंट बरा होऊन घरी गेलेला असे.

निवृत्त झाल्यावर त्या डॉक्टर हेरंब यांच्या क्लिनिकमध्ये लागल्या आणि डॉक्टरांचे ग्रह फिरले.

हे क्लिनिक आजारी माणसांसाठी नव्हतंच मुळी. जुनी गिरणी पाडून तिच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला होता. जिथे तीन पाळ्यांत कापड विणणारे साचे खडखडत, तिथे आता सातव्या मजल्यावर मंद संगीत लावून बड्या घरच्या बायकांच्या कपाळावरच्या आठ्या उतरवून देत. आत येणाऱ्याला पटकन टोचावं, आरसा दाखवावा आणि पुढच्याला बोलवावं, इतका साधा डॉक्टरांचा हिशेब. पण सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात एक्केचाळीस प्रश्नांची यादी तयार केली. त्यातले तीन तर फारच वाईट होते. हे का करायचंय? कोणासाठी करायचंय? आणि नाही केलं तर काय होईल?

मृणालिनीबाई ओठ भरून घ्यायला आल्या होत्या. सिस्टरांनी विचारलं, "कोणासाठी?"

"मिस्टरांसाठी. त्यांना आवडतील."

"त्यांना विचारलंत?"

बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून मिस्टर म्हणाले, "बदलणार? का, आत्ता कसे आहेत?"

मृणालिनीबाई त्या खुर्चीतून ज्या उठल्या त्या तडक माहेरी गेल्या. ओठ होते तसेच राहिले.

"सिस्टर," डॉक्टर कळवळून म्हणाले, "आपण दुकान चालवतोय! म्हणजे, क्लिनिक!"

"माणसाला जे नको ते टोचायचं नाही, डॉक्टर. मला पेशंट हवाय, गिऱ्हाईक नको." असं म्हणून सिस्टरांनी बेचाळिसाव्या प्रश्नाची जुळवाजुळव सुरू केली. एखाद्या दिवशी खरं कारण असलेला माणूस येईल आणि मग मी किती काळजीने काम करते ते सगळ्यांना दिसेल, अशी त्यांची खात्री होती. ही खात्रीच नडली!

एका मंगळवारी सकाळी राजाराम घाडी आले. वय साठीला टेकलेलं, पांढरा सदरा, पायांत चपला, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. ते दाराशी थांबून जमिनीकडे बघत राहिले.

"काका, आत या ना. काय बघताय?" सिस्टरांनी विचारलं.

"काय नाय. ह्याच्याच खाली माझे चार साचे होते."

सिस्टर लालबागच्या. त्यांचे वडील ह्याच गिरणीच्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होते. त्यांनी राजारामना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि यादी पुढे ओढली.

"हे का करायचंय?"

राजारामनी पिशवीतून गिरणीचा पास काढला. कडा झिजलेल्या, वर हळदीकुंकवाचे डाग, आणि कोपऱ्यात तिशीतल्या एका तरुणाचा फोटो. कपाळ गुळगुळीत, भुवया ताठ, छाती पुढे. गिरणी कामगारांना घरं द्यायच्या योजनेत राजारामचं नाव लागलं होतं. कागद जुळवायला ते कचेरीत गेले, तर तिथल्या कारकुनाने एकदा पासाकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे पाहिलं, आणि पास परत टेबलावर आपटला.

"म्हणाला, आजोबा, हा माणूस तुम्ही नाय. ह्याच्यासारखे दिसायला लागलात की या! महिन्यानंतरची तारीख दिलीन."

"मग?"

"मग मी चौकशी केली. लोक म्हणाले, अरे, तुझ्या गिरणीतच सोय झालीय."

सिस्टरांनी उत्तर लिहून घेतलं. "कोणासाठी करायचंय?"

"त्या कारकुनासाठी."

"नाही केलं तर काय होईल?"

"घर जाईल. डिलाईल रोडच्या दहा बाय बारात सात माणसं आहोत, सिस्टर. आमची चाळ पण आता पाडायची म्हणतायत."

तिन्ही प्रश्नांना पैकीच्या पैकी! मृणालिनीबाईंसारख्या कितीजणी आल्या आणि गेल्या, पण असं ठणठणीत कारण ह्या सातव्या मजल्यावर आजवर चढलं नव्हतं. सिस्टरांनी भिंग घेऊन कपाळ तपासायला सुरुवात केली. प्रत्येक आठीचा पूर्वेतिहास विचारायचा, हा त्यांचा शिरस्ता होता.

"ही वरची कधीपासून आहे?"

"ती ब्याऐंशीच्या जानेवारीची. संपावर गेलो तेव्हा वाटलं, पंधरा दिवसांचं काम."

"आणि ही?"

"त्र्याऐंशीची. संप चालूच होता."

"ही खोल गेलेली?"

"पोरीची शाळा सोडवली तेव्हाची."

"ही मधली, उभी?"

"गिरणीची चिमणी पाडली त्या दिवशीची. डिलाईल रोडवरनं सगळे उभे राहून बघत होतो."

सिस्टरांनी भिंग खाली ठेवलं. त्यांनी सगळं सालवार लिहून घेतलं. ही कपाळपट्टी पुसून टाकायची ह्या विचाराने त्यांना क्षणभर कसंसंच झालं, पण पेशंटला काय हवंय ते महत्त्वाचं, असं त्यांनीच इतरांना हजारदा सांगितलं होतं. डॉक्टरही लगेच फुकटात करायला तयार झाले. त्यांना भिंतीवर लावायला 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो हवे होते, आणि गिरणीच्या जागेवर गिरणीचाच माणूस तरुण होतोय म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर पेपरातली बातमीच उभी राहिली. ते सुई भरायलाच निघाले.

"थांबा!" सिस्टर म्हणाल्या. "आधी संमतीपत्र." आणि राजारामच्या हातात एक छापील कागद देऊन त्यांनी आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं, "घरी न्या. घरच्यांबरोबर बसून नीट वाचा. कुणाचं काही म्हणणं असेल तर ऐकून घ्या. मग सही करून आणा."

इथेच घोटाळा झाला. राजारामच्या आयुष्यात संमतीपत्र ह्या शब्दाला एकच अर्थ होता, आणि तो गावच्या जमिनीचा!

आठव्या दिवशी राजाराम आले ते सहकुटुंब. बरोबर बायको शेवंती, आणि खास ह्याच कामासाठी कणकवलीहून रातराणी एसटीने येऊन उतरलेली बहीण तुळसा. पिशवीतून स्टँप पेपर निघाला. त्यावर वकिलाचा शिक्का होता. सिस्टर मोठ्याने वाचू लागल्या आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"आम्ही खाली सह्या व अंगठे करणारे लिहून देतो की, आमचे बंधू व पती श्री. राजाराम यांच्या कपाळावरील आठ्या काढून टाकण्यास आमची कोणतीही हरकत नाही. भविष्यात सदर आठ्यांवर आम्ही किंवा आमचे वारस कोणत्याही प्रकारे हक्क सांगणार नाही."

शेवंतीची सही होती. तुळसाचा निळा, ठसठशीत अंगठा होता.

"पण एक अडचण आहे, सिस्टर," राजाराम मान खाली घालून म्हणाले. "धाकट्याची हरकत आली."

"कशाला हरकत?"

"कपाळाला."

धाकटा भाऊ धर्मा त्याच चाळीत समोरच्या खोलीत राहत होता, पण गावच्या तीन माडांवरून दोघांचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. त्याने संमती द्यायचं सोडून उलटा अर्ज धाडला होता. 'सदर फोटोतील चेहऱ्यावर माझा हक्क असून मला विचारल्याशिवाय पुढील कार्यवाही करू नये.'

"बघा!" शेवंती म्हणाली. "घराचा वास लागला नाही तोवर हक्क सांगायला आले!"

"अहो, पण भावाची संमती लागतच नाही!" सिस्टर समजावू लागल्या. "चेहरा तुमचा आहे. फक्त तुमचा!"

राजारामना हे पटेना. "तसं कसं म्हणता, सिस्टर? नाक आजीकडचं आहे. कपाळ तर वडिलोपार्जित. धर्माचं पण डिट्टो हेच कपाळ. उद्या तो कोर्टात गेला तर?"

सिस्टरांनी तासभर खर्चून कपाळ आणि शेतजमीन यांतला कायदेशीर फरक सांगितला. बाहेर दोन बायका ताटकळून निघून गेल्या. डॉक्टर दाराच्या फटीतून हात जोडत होते. शेवटी सिस्टरांनी धर्माच्या अर्जावर 'हरकत वाचली' असा शेरा मारून तो फाईलला लावला. त्यांनी तो अर्ज वाचला होता, हे खरं. त्यात काय लिहिलंय याचा विचार मात्र त्यांनी केला नाही, आणि हे त्यांच्यासारख्या बाईकडून व्हावं याचं आजही नवल वाटतं.

मग सगळं रीतसर झालं. पासावरचा फोटो मोठा करून समोर लावला. हातावर औषधाचा एक थेंब टोचून अर्धा तास वाट पाहिली. डॉक्टरांनी कपाळावर पेन्सिलीने खुणा केल्या आणि सिस्टरांनी अगदी कमीत कमी मात्रेची इंजेक्शनं इतक्या अलगद दिली की राजाराम म्हणाले, "झालं? मला वाटलं माशी बसली."

दहा दिवसांत कपाळ इस्त्री केल्यासारखं झालं! संप गेला, चिमणी गेली, पोरीची शाळाही गेली. फक्त भुवया किंचित वर चढल्या. त्यामुळे राजाराम चोवीस तास असे दिसू लागले की नुकतीच कुणीतरी आनंदाची बातमी दिली असावी. शेवंती आमटीत मीठ घालायला विसरली तरी नवरा प्रसन्न! ते एक वेळ चाललं असतं. पण शेजारच्या खोलीत मयत झालं, तिथे राजाराम भेटायला गेले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. गेलेला माणूस त्यांच्याच पाळीचा, त्यांच्याच जोडीचा साचेवाला. ते जितके जास्त कळवळत होते तितके जास्त खुशीत दिसत होते. शेवटी मयताच्या मेव्हण्याने त्यांना दंड धरून बाहेर काढलं.

"म्हणाला, एवढा आनंद झाला असेल तर पेढे वाट," राजाराम दोन आठवड्यांनी शेवंतीला घेऊन तपासणीला आले तेव्हा सांगत होते. सांगताना त्यांचे डोळे भरले होते. कपाळ मात्र मजेत होतं.

"थोडे दिवस असं वाटतं," सिस्टर म्हणाल्या. "उद्याची तारीख ना कचेरीची? उद्या सगळं भरून निघेल."

एवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला आणि दार ढकलून धर्मा आत आला. डोक्याला टक्कल, तोंडात कवळी, हातात त्याच अर्जाची नक्कल.

"माझो अर्ज खंय आसा? माका न विचारता कित्याक केलात?"

"मेल्या, घर माझा आसा!" राजाराम उठून उभे राहिले. "तुका त्यातली एक वीट मिळाची नाय!"

"घर नको माका! घाल तुझा घर चुलीत! मी म्हणतंय, तो फोटो माझो आसा!"

"पास माझो, तिकीट नंबर माझो, मग फोटो तुझो कसो?"

"तुझे डोळे इल्ले होते तेव्हा! लालभडक! फोटोवालो गिरणीत एकच दिवस येतलो होतो. तुझो सदरो घालून माका धाडलंस, इसारलंस?"

सिस्टरांनी मोठा केलेला फोटो काढला आणि धर्माच्या चेहऱ्याशेजारी धरला. टक्कल होतं, कवळी होती, पण कान तेच होते. डाव्या कानाची पाळी खाली चिकटलेली. राजारामच्या दोन्ही पाळ्या मोकळ्या लोंबत होत्या. भिंग घेऊन प्रत्येक आठी मोजणाऱ्या सिस्टरांनी कानाकडे पाहिलंच नव्हतं!

"अगो बाय माझे!" शेवंतीने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "दर दसऱ्याला मी त्या पासाला हळदकुंकू लावते! एवढी वर्षं धाकट्या दिराला पुजलं?"

राजारामनी पास हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "पाठोपाठचे भाऊ, तेव्हा दिसायला सारखेच होतो. तो पास रोज गेटवर दाखवला. गिरणी बंद पडली तरी टाकून दिला नाय. इतकी वर्षं बघून बघून मला तो मीच वाटत होतो, सिस्टर."

त्यांचा आवाज फुटला होता. आणि चेहऱ्यावर तीच ती आनंदाची बातमी! धर्माने भावाचा हात धरला, तो अकरा वर्षांत पहिल्यांदा. सिस्टरांनी मान फिरवून आपली यादी उचलली. त्यांनी ती वरून खालपर्यंत वाचली, खालून वरपर्यंत वाचली. तुमचं नाव काय, हा प्रश्न होता. मधुमेह आहे का, होता. घरात कुणाला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हासुद्धा होता. पण हा फोटो तुमचाच आहे का, हा प्रश्न एक्केचाळिसात कुठेच नव्हता!

"मग उद्या ह्या धाकट्यांनाच पाठवा ना," डॉक्टर दारातून म्हणाले. "फोटो त्यांचाच आहे."

सगळ्यांनी धर्माच्या टकलाकडे पाहिलं. आजच्या घडीला त्या खोलीत फोटोतल्या माणसासारखा सगळ्यांत कमी कुणी दिसत असेल तर तो धर्माच होता.

"खोटं काही करायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी स्वतः येते कचेरीत. खरं काय ते सांगते."

घरी जाऊन सिस्टरांनी तीन पानी निवेदन लिहिलं. त्यात डोळे आल्याची हकीकत होती, कानाच्या पाळीची आकृती होती, आणि आठ्यांचा सालवार तक्ता होता. घर गेलं तर ते ह्या हातांनी गेलं, असं म्हणत त्यांनी ते दोनदा उतरवून काढलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला त्या, राजाराम, शेवंती आणि धर्मा असे चौघे कचेरीत हजर झाले. टेबलामागे तो कारकून नव्हताच. तिथे मीनाक्षी मॅडम नावाच्या कुणी बसल्या होत्या.

"तिकीट नंबर?"

राजारामनी झोपेतही सांगता येईल असा गिरणीतला हजेरीचा नंबर सांगितला. मॅडमनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, "हजेरी जुळतेय. खातं जुळतंय. ठीक आहे."

"आणि तो फोटो..." सिस्टरांनी निवेदन पुढे केलं.

"पासावरचा फोटो? तो कोण बघतं, बाई? एवढ्या वर्षांत कुणाचा चेहरा तसाच राहतो?"

"पण आधीच्या साहेबांनी..."

"त्यांची बदली झाली. जाम कटकट्या माणूस होता." मॅडमनी तीन पानांची घडी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. "पासावरचा जाऊ दे, आत्ताचा फोटो तेवढा द्या. समोरच्या स्टुडिओत लगेच काढून मिळेल."

फोटो निघाला. गुळगुळीत कपाळ, चढलेल्या भुवया, अत्यंत समाधानी राजाराम! मॅडमनी तो फाईलला डकवला, त्यावर अर्धा आत अर्धा बाहेर असा शिक्का मारला आणि म्हणाल्या, "हा जपा हं, काका. घराचा ताबा देताना माणूस ह्याच फोटोशी जुळवून बघणार आहेत. आता नियम कडक झालेत. नाही जुळला तर फाईल परत."

शेवंतीने मॅडमच्या हातावर पेढा ठेवला. धर्माने भावाला मिठी मारली. सगळे हसत जिना उतरू लागले, आणि मधल्या वळणावर अंबिका सिस्टर कठड्याला धरून उभ्याच राहिल्या.

"काय झालं, सिस्टर? चक्कर येतेय?"

"काका," सिस्टर खोल आवाजात म्हणाल्या, "त्या इंजेक्शनचा असर चार महिने टिकतो."

"म्हणजे?"

"म्हणजे चार महिन्यांनी तुमच्या सगळ्या आठ्या परत येणार. फोटोत नाहीत त्या सगळ्या."

राजाराम धावत वर गेले. जिन्यात उभ्या राहिलेल्यांना त्यांचा प्रश्न ऐकू आला आणि मॅडमचं उत्तरही ऐकू आलं. "ताबा ना? मिळेल हो! इमारत बांधायला जागा तेवढी ठरायचीय!"

ह्याला आता चार वर्षं होत आली. अंबिका सिस्टरांची यादी बेचाळीस प्रश्नांची झालीय, आणि बायका अजूनही टोचून न घेताच घरी जातात. फक्त एक माणूस दर चार महिन्यांनी न चुकता येतो आणि सिस्टर त्याला एकही प्रश्न न विचारता, मान खाली घालून टोचतात. हे आमचे सर्वांत जुने आणि समाधानी पेशंट, असं सांगून डॉक्टर त्यांना येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. परवाच एक नव्या बाई त्यांच्या कपाळाकडे निरखून बघत कौतुकाने म्हणाल्या, "काका, ह्या वयात एवढी हौस! किती दिवस करणार हो हे?"

"हौस कसली, बाई," राजाराम आनंदी चेहऱ्याने म्हणाले. "घर मिळेपर्यंत मला म्हातारा व्हायला परवानगी नाय."